गार्डसाहेबांचं घड्याळ

४ तिकिम्त
तिकिम्त महिना लागताच अडीस अबाबा सोडून दिरे दावात आलो. बदलीचं ऐकून सगळ्यांनी नाकं मुरडली होती, पण मला गाव आवडलं. स्टेशनामागे एतागेन बाईंकडे खोली मिळाली. पिवळ्या भिंती, अंगणात पपई. बाईंचे यजमान आस्फाव रेल्वेत गार्ड होते, दोन वर्षांपूर्वी वारले. मी माझी तीन जुनी चावीची घड्याळं खिडकीत मांडली, तेव्हा बाई हसून म्हणाल्या, "झेरिहुन मास्तर, माणसाला मनगटं दोनच असतात हो!"

७ तिकिम्त
बाईंनी यजमानांचं घड्याळ आणून दिलं. पेटीत पडून राहण्यापेक्षा कुणी वापरलेलं बरं, म्हणाल्या. तबकडी चहा सांडल्यासारखी पिवळट, काचेवर एक ओरखडा. असली घड्याळं वापरायचीच असतात. फळ्यावर लिहिताना, बाजारात घासाघीस करताना. शाळेत बेकेले सरांनी चिडवलं, की आता शिट्टी मारून वर्ग सोडा.

१५ तिकिम्त
चार दिवस चावी द्यायला विसरलो. तरी चालूच. डावी करंगळी बधिर वाटते. पट्टा एक भोक सैल केला.

१९ तिकिम्त
बाजारातल्या नूरी घड्याळजींनी मागचं झाकण उघडलं. आत स्प्रिंगच नाही. टेबलावर ठेवलं, बंद. माझ्या मनगटावर ठेवलं, टिकटिक सुरू. म्हाताऱ्याने झाकण परत लावलं. मग हळूच म्हणाला, "बाळा, जिचं आहे तिला देऊन टाक. आजच." आधीचे दोन भाडेकरूही हेच घड्याळ घेऊन त्याच्याकडे आले होते. पुढे त्यांचं काय झालं, ते त्याने सांगितलं नाही.

२२ तिकिम्त
परत द्यायला गेलो. बाईंनी कॉफी दिली, मीठ घातलेली, यजमानांना लागायची तशी. मला मीठ घातलेली चालत नाही. सगळी प्यायलो. घड्याळाचं बोलायचं राहून गेलं. दुपारी हातावर उकळतं पाणी सांडलं. कातडी सोलून निघाली, तेव्हा दिसलं. चटका कळला नाही.

२६ तिकिम्त
बाई आज मला आस्फाव म्हणाल्या. मी ओ दिली. घाबरायला हवं होतं. वाट पाहिली. काही झालं नाही.

२९ तिकिम्त
शाळेत नाही गेलो. सकाळी स्टेशनावर होतो. हातात हिरवा बावटा — कुणी दिला —

२ हिदार
धाकटी बहीण मेसेरेत अडीसहून आली. मी फोन उचलत नाही म्हणून. दारात मला पाहून रडायला लागली. मी म्हणालो, "पोरी, झेरिहुन इथे राहत नाही. खोली सोडून गेला." तिने माझे हात धरले, गदागदा हलवले. दिसलं. जाणवलं नाही. बाईंनी मागून हाक मारली, "चला आत, जेवण गार होतंय." गेलो.

ती अजून फाटकाशी बसलीय, उन्हात. खिडकीतून दिसते. नाव वर लिहिलंय म्हणून वाचता येतं — मेसेरेत — कोण —

ती उठली. निघाली. हाक मारायला हवी. तिला सांगायला हवं की मी