तीन हालचालींची कडी

६ मे, सकाळी ६.१०
स्वतःच्या हातांनी केलेल्या वस्तू, आजअखेर: धुराड्यावरचं जाळीचं झाकण, शनिवारी बसवलं. जुन्या ब्रेडच्या डब्याची उबेची पेटी, आत चाळीस वॉटचा दिवा. मागच्या पोर्चवर पिंजरा, अर्ध्या इंचाची जाळी. पिंजऱ्याला माझी कडी: दाबा, फिरवा, उचला. तीन हालचाली, याच क्रमाने. दूध पाजायला रकूनच्या कातड्याचा हातमोजा, म्हणजे पिल्लांना आईच वाटेल. कातडं बायकोच्या, म्हणजे वेर्नाच्या, आजोबांच्या टोपीचं. वेर्नाला सवडीने सांगेन.

रकूनची पिल्लं चार; मोठ्या मांजराएवढा, लांब बोटांच्या पंजांचा प्राणी. दोन दिवस धुराड्यात चिरकत होती, काल खालून काढली. आई मेली आहे; वळणावर रस्त्यात पडलेली मी स्वतः पाहिली. म्हणजे अनाथ. वाढवून १५ सप्टेंबरला ओढ्यापलीकडे सोडणार. रानटी जनावरं, सबब नावं नाहीत. क्र. १ ते ४. क्र. ४ सगळ्यांत लहान; वेर्ना त्याला 'पीनट', शेंगदाणा, म्हणते. समज दिली.

७ मे
फेन्स्केबाईंना फोन. रानटी पिल्लं वाढवायचं लायसन आपल्या काउंटीत त्यांच्याकडेच. दुधाचं प्रमाण विचारलं, तर बाईंनी उलट विचारलं, झाकण कधी बसवलं? म्हटलं, झाकणाचा इथे काही संबंध नाही. त्यांचं म्हणणं, संध्याकाळी पिल्लांची पेटी उघडी करून धुराड्याखाली अंगणात ठेवा, आई येऊन एकेकाला उचलून नेईल. म्हटलं, ती मेली. तर म्हणे, ती मादीच होती कशावरून? मला डोळे आहेत म्हणून सांगितलं. पुढच्या बुधवारपर्यंत मुदत दिलीय. तोवर क्र. ४ चं वजन वाढलं नाही तर चौघांना घेऊन जाणार. आईशिवाय इतकं लहान पिल्लू क्वचितच वाचतं, हेही ऐकवलं.

बाईंनी माझा हातमोजा पाहिलेला नाही.

९ मे
क्र. ४: ३१२ ग्रॅमवरून २९८. हातमोजा चावतो, दूध पीत नाही. दूध बरोबर अडतीस अंशांवर होतं. वेर्नाने उघड्या हाताने ड्रॉपरने पाजलं, सहा मिली प्यायला. वहीत हातमोज्याच्या नावावर लिहिलं.

वेर्नाने टोपी ओळखली. बोलणं बंद.

दुपारी ऑर्विल आला. गावात हार्डवेअरचं दुकान, घरी रकूनच्या शिकारीचे तीन कुत्रे. कडी वीस मिनिटं उघडबंद करत बसला. म्हणाला, कुत्र्यांच्या पिंजऱ्यांसाठी दुकानात ठेवतो, आराखडा विकत दे. किंमतही सांगितली. अशी कडी कुत्र्यांसाठी! नाही म्हटलं. जाताना सांगून गेला की वळणावर मेलेला तो रकून म्हातारा नर होता, त्यानेच फावड्याने बाजूला केला होता. ऑर्विलला खिळ्यांतलं कळतं.

१० मे, सकाळी
धुराड्याच्या झाकणाचा एक कोपरा उचकटलेला. वाऱ्याचं काम. वेर्ना चार शब्द बोलली: "वाऱ्याला नखं असतात का?" पकडीने कोपरा सरळ केला.

१२ मे
२८१ ग्रॅम. पोट बिघडलंय. मान धरत नाही. १, २, ३ ठीक, म्हणजे पद्धत पंचाहत्तर टक्के यशस्वी.

वेर्ना आली, समोर बसली. "क्लेटन, एक संध्याकाळ पेटी अंगणात ठेव. तुझं काय जातंय?"

पावसाची शक्यता असल्याचं सांगितलं.

"आभाळात ढग दाखव एक."

दाखवायला ढग नव्हता. पण पेटी बाहेर ठेवायची म्हणजे आई जिवंत आहे म्हणायचं, आणि आई जिवंत असेल तर तिला बाहेर कोंडलं कोणी? हा विषय आत्ता काढण्यात अर्थ नाही. उद्या प्यायला नाही तर फेन्स्केबाईंना फोन. उद्या किंवा परवा.

१३ मे
२७४. फोन केला नाही. बुधवार उद्याच आहे.

१४ मे, पहाटे ५.५०
पिंजरा सताड उघडा. उबेच्या पेटीत कोणी नाही.

कडी तुटलेली नाही, वाकलेली नाही. दाबायच्या पट्टीवर चिखलाचा पंजा. फिरवायच्या गोळ्यावर पंजा. उचलायच्या दांडीवर पंजा. क्रम बरोबर.

वेर्नाला विचारलं, तू उघडलीस? म्हणाली, "मला तुझी कडी उघडता आलीय कधी?" हे खरं आहे.

पोर्चच्या पायऱ्यांवरून ओढ्याकडे पावलं. जातानाची चार वेळा, येतानाची चार वेळा. दोनदा मोजली.

१४ मे, संध्याकाळी
फेन्स्केबाईंना कळवलं: चारही पिल्लं सुखरूप रानात सोडली, ठरल्या तारखेच्या चार महिने आधी. त्यांनी विचारलं, सोडली कोणी? लाइन खराब होती.

ओढ्यापलीकडच्या पोकळ झाडाकडे दुर्बीण धरली. ती ढोलीच्या तोंडाशी पसरली होती. पोटाशी चौघं. पीनट पीत होता. क्र. ४ पीत होता.

वेर्नाने दुर्बीण मागितली, बघितलं, परत दिली. मी शिडी लावून धुराड्यावरचं झाकण काढलं. गंज बघायला.

ऑर्विल येऊन गेला. कडीवरचे तिन्ही पंजे नीट पाहिले, टोपी मागे सरकवली आणि गेला. आराखड्याचं नाव काढलं नाही.

नोंदीसाठी: ९ मे रोजी ऑर्विलने कडीच्या आराखड्याचे रोख पैसे देऊ केले होते. मी नाही म्हटलं. आठशे डॉलर.