दोन मणांचा सूड

१० मार्च १९४५, सकाळ

सोलापूरहून आणलेली डायरी आजपासून सुरू. इंग्रजी तारखांची, टणक पुठ्ठ्याची. कुणाला दाखवायची न्हाय. बायकोला, नीलम्माला, तर अजिबात न्हाय.

मुद्दा एकच. सूड.

मुरुमच्या जत्रेत देवळापुढचा दोन मणाचा गोटा खांद्यावर घेऊन पाच पावलं चालायची रीत. जो चालंल त्याला पटका आन् पालखीपुढं मान. गेल्या साली गुरुलिंगनं उचलला. गुरुलिंग म्हंजे माझा साडू, नीलम्माच्या धाकट्या बहिणीचा नवरा, तेलाचा घाणा हाय त्याचा. उचलला तर उचलला. पण खाली ठेवून साऱ्या जत्रेदेखत मला म्हणाला, साडूभाऊ, गोटा लई हलका लागला, पुढच्या साली तुम्हालाच उचलतो.

सारी जत्रा खिदळली. त्याचं काही न्हाय. पण बायकांच्या घोळक्यात नीलम्मासुद्धा हसली. पदर तोंडाला लावून. तिला वाटलं, ह्यांनी पाहिलं न्हाय. म्या पाहिलं! वर्ष होत आलं, घास गोड लागंना.

औंदा २७ एप्रिलला जत्रा. गोटा मी उचलणार. आन् त्याच जागी, नीलम्मादेखत, त्या गुरुलिंगला असं सुनावणार की तोंड लपवायला जागा मिळू नये. काय सुनावायचं ते ठरतंय.

११ मार्च

टाइमटेबल केलं. जोर शंभर, बैठका दोनशे. खुराक : शेरभर दूध, वीस बदाम, भिजवलेले हरभरे. बंद : भजी, गोडधोड, दुपारची झोप.

बलभीम वस्ताद शिकवणार. त्यानं माझ्या पोटाकडं बघून विचारलं, किती दिवस हायत? म्हणलं, सत्तेचाळीस. तो म्हणाला, बरं, देव हाय.

१२ मार्च

जोर अकरा. पण फर्स्टक्लास.

१५ मार्च

अंग ठणकतंय. म्हंजे फायदा होतोय. दुपारी पडलो. ती झोप न्हाय, विश्रांती.

वाक्य पहिलं : गुरुलिंगा, जा, बैल सोड आन् घाण्याला तूच लाग.

१९ मार्च

आमच्या धान्याच्या दुकानातल्या मोठ्या काट्यावर स्वतःचं वजन केलं. एका पारड्यात मी, दुसऱ्यात पाचशेऱ्या. भरलो दोन मण बारा शेर. वस्ताद म्हणाला, कमी करा. आता ताकदीला वजन असणारच की! ह्या माणसाला काय कळतं?

कोंडीराम, आमचा बापाच्या वेळचा हमाल, डोकं खाजवत म्हणाला, मालक, ह्या वजनांनी सोताला कशापायी मोजता? म्हणलं, मग काय गुरुलिंगच्या वजनांनी मोजू?

पाचशेऱ्या झिजल्यात, ते मला ठाऊक हाय. थोड्या आपण होऊन, थोड्या कानशीनं. धंदा म्हणलं की एवढं चालतं. तालमीशी त्याचा संबंध न्हाय.

२६ मार्च

प्रॅक्टिस. गोटा देवाचा, जत्रेआधी त्याला हात लावायचा न्हाय. म्हणून जोंधळ्याचं पोतं. आपल्या काट्यावर बरोब्बर एक मण भरून घेतलं. खांद्यावर आलं! वस्तादाला म्हणलं, आता दुप्पट केलं की झालं. तो तंबाखू मळत राहिला.

भजी दोनच खाल्ली. मिरचीची, म्हंजे भाजीच.

५ एप्रिल

जळकोटला, सासुरवाडीत. औंदा अधिक महिना, त्यामुळं दोन्ही जावयांना धोंड्याचं जेवण. पुरण भरलेले कणकेचे उंडे, वर तुपाची धार. सासूबाईंनी, मल्लम्मांनी, मला आन् गुरुलिंगला शेजारी शेजारी बसवलं. मी ठरवून आलो होतो, दोनच खायचे. पण गुरुलिंगनं चार खाऊन हात धुवायला घेतला. म्हणलं, हीच वेळ. अकरा खाल्ले.

नीलम्मा वाढताना म्हणाली, साकु? तिला राग आला की ती कानडीत बोलती. साकु म्हंजे पुरे. म्हणलं, न्हाय, अजून एक. गुरुलिंग म्हणाला, साडूभाऊंना हार.

त्यानं सगळ्यांदेखत हार मानली. लिहून ठेवतो.

६ एप्रिल

तालीम बंद. पोट.

७ एप्रिल

कालच्यासारखंच.

१४ एप्रिल

दोन मणाचं पोतं! आपल्या काट्यावर म्या स्वतः पाचशेऱ्या मोजून भरलं. खांद्यावर घेऊन पाच पावलं. वस्तादाचा खालून हात होता, तो नुसता आधाराला. गुरुलिंगा, संपलास तू.

२० एप्रिल

वस्तादाच्या हाताबिगर. पाच पावलं! पाचवं पडता पडता, पण पाच.

स्वतःचं वजन दोन मण पंधरा शेर. ताकद तीन शेरांनी वाढली.

२६ एप्रिल, संध्याकाळ

वाक्यं एकूण नऊ झाली. पाठ हायत.

डोक्याला तेल लावलं न्हाय. घरातलं तेल त्याच्या घाण्याचं.

नीलम्मानं मीठमोहऱ्या उतरवून टाकल्या. म्हणाली, न्हाय उचलला तरी चालंल हो, कंबर तेवढी जपा. ऐकल्यासारखं दाखवलं न्हाय. उद्या बघंल ती.

२७ एप्रिल, जत्रा

जसं झालं तसं लिहितो.

गुरुलिंगनं गोटा उचलला, चालला, ठेवला. मग मी. शड्डू ठोकला. गोटा गुडघ्यापर्यंत आला आन् तिथंच अडला. पुन्हा धरला. पुन्हा गुडघा. कुणीतरी म्हणालं, अप्पा, सोडा आता.

तवा डोक्यात उजेड पडला. दोन मणाचं पोतं मी उचलतो, मग दोन मणाचा गोटा का येईना? गोटा बदललाय! गुरुलिंगनं जड गोटा आणून ठेवला आन् स्वतः चोरून सराव केला. म्या तसं ओरडून सांगितलं. शरणबसप्पा, देवळाचे पंच, म्हणाले, अप्पा, हा गोटा माझ्या आज्याच्या वेळचा हाय. म्हणलं, वजन करा! समद्यांदेखत! कोंडीराम, दुकानातला काटा आन् पाचशेऱ्या आण!

कोंडीराम कानाशी येऊन म्हणाला, नगं मालक. पुन्हा म्हणाला, नगं. तिसऱ्यांदा म्हणाला तवा त्याच्या अंगावर धावलो. गेला, गाडीत घालून आणलं.

चिंचेला काटा टांगला. गोटा भरला दोन मण नऊ शेर.

मी नाचलो. खरंच नाचलो. दगाबाज, नऊ शेर, म्हणून बोंबललो. नऊच्या नऊ वाक्यं सुनावली. गुरुलिंग खाली बघत उभा. मला वाटलं, लाजला.

शरणबसप्पांनी चावडीतली सरकारी छापाची वजनं मागवली. त्या वजनांनी गोटा भरला बरोब्बर दोन मण. मग त्यांनी एका पारड्यात सरकारी पाचशेरी ठेवली, दुसऱ्यात माझी. माझी वर गेली आन् वरच राहिली.

पिपाणीवाला वाजवायचा थांबला. धुरपदाबाई पुढं आली. दर बाजारी आमच्याकडून जोंधळे नेणारी म्हातारी. पारड्याकडं बघितलं. मग म्हणाली, अप्पा, लेकरं म्हणायची, आई, भाकर पुरंना. म्या त्यांना हावरी म्हणून मारलं रं.

बायकांच्या घोळक्याकडं बघितलं. नीलम्मा हसत नव्हती. हसली असती तर बरं झालं असतं.

२८ एप्रिल, सकाळ

पंचांचा हुकूम : पाच बाजार देवळापुढं बसायचं, सरकारी वजनानं, ज्याला कमी गेलं त्याला भरून द्यायचं.

कोंडीराम आला न्हाय. वस्ताद आला न्हाय. नीलम्मानं चहा ठेवला. बोलली न्हाय, कानडीतसुद्धा न्हाय.

पहिलं पोतं देवळापुढं न्यायचं होतं. एकट्याला हलंना. दोनदा बघितलं. रस्त्यानं माणसं जात होती, कुणी थांबलं न्हाय. मग गुरुलिंग आला. पोत्याचं दुसरं टोक धरलं. उचलताना म्हणाला, साडूभाऊ, हे खऱ्या दोन मणाचं हाय, कंबर जपा.

म्या म्हणलं, व्हय.