गोन्झागच्या पत्र्यासाठी दर्यानारळ

१४ मार्च
नाही, सूडबीड काही नाही. माझ्या जागेत मी झाड लावतोय, एवढंच. कुणाला काय करायचंय?
डोळ्याच्या ऑपरेशनला चार दिवस माहे बेटावर काय गेलो, शेजारच्या गोन्झागने कुंपणालगतचा माझा नीरफणस तोडला. माझ्या बापाने लावलेला. म्हणे मुळं त्याच्या भिंतीत शिरत होती. सॉरीसुद्धा नाही. वर विचारतो, काय रे एव्हारिस्त, आता नीट दिसतं का?
दिसतं. सगळं दिसतं.
प्लॅन: त्याच जागी दर्यानारळ. पानं एवढी की गोन्झागच्या अंगणात दिवसा अंधार. फळ वीस किलोचं. थेट त्याच्या पत्र्यावर.

१६ मार्च
जंगलखात्यातून नंबर मारलेली बी आणली. कागद रीतसर. काउंटरवरची पोरगी म्हणाली, आजोबा, वय काय? बहात्तर. म्हणाली, फळ धरायला पंचवीस-तीस वर्षं, आणि नर निघाला तर फळच नाही.
म्हटलं, मला घाई नाही.

१७ मार्च, सकाळी ६
बी ठेवली. खड्डाबिड्डा नाही. जमिनीवर आडवी, वर पालापाचोळा. हिचा आकार बाईच्या कमरेसारखा, आमच्या प्रासलँ बेटावरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. मी मुद्दाम ढुंगण गोन्झागकडे केलं. रोज कॉफी पिताना बघ म्हणावं.
ओदेत, माझी थोरली बहीण, नवरा गेल्यापासून इथेच असते. खिडकीतून ओरडली, अरे, ती फट आपल्या घराकडे कर! बाबा तशीच ठेवायचे. म्हटलं, तू तुझं कालवण बघ. प्रत्येक गोष्टीचं नुसतं अवडंबर.

३० जून
काही नाही. गोन्झाग कुंपणावरून म्हणाला, एव्हारिस्त, उबवायचं असेल तर वर बसावं लागतं रे.
हसू दे. पत्रा वाजेल तेव्हा बघू.

४ डिसेंबर
फुटली! फटीतून जाडजूड पिवळा कोंब निघाला आणि सरळ जमिनीत घुसला. ओदेतला बोलावलं. तिने कोंब बघितला, कुंपण बघितलं, कपाळाला हात लावला. आनंदाने असणार.
आजपासून रोज दोन बादल्या पाणी. माडी बंद. पंचवीस वर्षं जगायचंय.

५ डिसेंबर
माडी चालू. एकच ग्लास. पचनाला बरी.

१० ऑगस्ट, नवी वही
जमिनीवर अजून काही नाही. ओदेत म्हणते, कोंब आतल्या आत पार दोन माणसांच्या लांबीएवढा जातो, मग डोकं वर काढतो, आणि जिकडे फट तिकडेच जातो. म्हटलं, मजबूत होतोय तो, तुला काय कळतंय.

२ नोव्हेंबर
बापाच्या थडग्यावर फुलं ठेवली. सांगितलं, बाबा, तुमच्या नीरफणसाचा बदला घेतोय. थोडा धीर धरा.

१९ नोव्हेंबर
गोन्झागच्या अंगणात, त्याच्या कॉफीच्या खुर्चीशेजारी, हिरवा भाला उभा आहे. हातभर.
त्यानेच हाक मारली. ये रे एव्हारिस्त, तुझा पाहुणा आलाय! भोवती दगडसुद्धा लावलेत. परवाच त्याला नात झाली. आमच्या बेटावर पोर झालं की त्याच्या नावाचं झाड लावतात. म्हणतो, मला लावायची पण तसदी दिली नाहीस, दोस्ता. सावली मस्त पडेल.
वर्षभर रोज पाणी मी घातलं!

२० नोव्हेंबर
कोयता घेऊन बाहेर पडलो. बी अजून माझ्या बाजूला आहे. कोंब इथेच कापला की तिकडचं झाड खलास.
ओदेत दारात उभी होती. म्हणाली, काप. बाबांच्या जागेवर एक त्याने तोडलं, दुसरं तू तोड.
कोयत्याला धार नव्हती.

२१ नोव्हेंबर, सकाळी ६
पाणी घातलं. दोन बादल्या.
का, ते विचारू नका. सांगणार नाही.