बिनचष्म्याचं रिन्युअल

३ मार्च
वेल्डिंग इन्स्पेक्टरचं सर्टिफिकेट एकतीसला संपतंय. रिन्युअलला फॉर्म भरायचा आणि जवळची नजर तपासून घ्यायची. वीस वर्षं मी लोकांचे जोड तपासतोय, माझी नजर कोण तपासणार? तरी उद्याच जायचं. चालढकल बंद.

९ मार्च
गेलो नाही. हल्ली सगळंच फार बारीक छापतात. बायको म्हणाली, चष्मा करून घ्या, नियमात चालतो. चालत असेल. वर्कशॉपमध्ये आजोबा म्हणतील त्याचं काय?

१४ मार्च, दुपारी
साहेबांनी विचारलं, तपासणी झाली का. प्रोसेसमध्ये आहे म्हटलं. मग एका जोडावर बारीक भेग पकडली आणि काम थांबवलं. वेल्डरने फुंकर मारली. भेग उडाली. केस होता. पांढरा. वेल्डरचे केस काळे आहेत.

१९ मार्च
डोळ्यांच्या दवाखान्यात डोकावून आलो. वाचायचं कार्ड टेबलावरच होतं. मोबाइलवर फोटो काढला, मोठा करून पाठ करतोय. मुलगी म्हणाली, बाबा, ही कॉपी झाली. मी म्हटलं, ही तयारी.

२४ मार्च
जेवताना ओळी म्हणतो, आंघोळीत म्हणतो. एका जागी बसवत नाही. सर्टिफिकेट गेलं तर नोकरी गेली. रात्री दोनला उठून पुन्हा ओळी म्हणतो. डासांमुळे जाग येत असावी.

२७ मार्च, सकाळी ११
पास! सगळ्यात बारीक ओळ धडाधड म्हणून दाखवली. डॉक्टर म्हणाले, मी अजून वरचीच विचारत होतो. म्हटलं, तुमचा वेळ वाचवला.

२८ मार्च
फॉर्म भरला. बायको म्हणाली, पाठवण्याआधी मुलीला वाचायला द्या. माझ्या सहीला मुलीची परवानगी? चौकोन बरेच होते. एकही कोरा सोडला नाही, सगळ्यांत ठसठशीत टिक. कामात कसूर नको.

८ एप्रिल
सर्टिफिकेटच्या ऑफिसचं पत्र आलं. अक्षर मुंगीएवढं. बायकोने वाचून दाखवलं. मी स्वेच्छेने सर्टिफिकेट कायमचं परत केल्याबद्दल त्यांनी आभार मानलेत. शेवटचा चौकोन त्याचा होता. आता हवं असेल तर पहिल्यापासून परीक्षा. तोवर वर्कशॉपमध्ये माझी सही चालणार नाही, साहेबांनी फोनवर सांगून टाकलं.
चूक त्यांचीच असणार म्हणून फॉर्मची प्रत ईमेलने मागून घेतली आणि बायकोचा चष्मा लावला. सगळं लख्ख दिसलं. टिक माझीच होती.