पंचावन्नची डॅनफर्ड

प्रिय गेरिट,

'प्रिय' लिहिलंय ते सवयीनं. पेन उचललं तेव्हा दुसरेच शब्द सुचत होते, पण आईनं लावलेलं वळण आडवं आलं. आधी फोनच करणार होते. पण फोनवर तू मला मधेच तोडतोस आणि बोलणं भलतीकडे नेतोस. शिवाय तुझ्या नॅशव्हिलच्या दुकानातली ती फोन उचलणारी पोरगी 'मिस्टर होकस्ट्रा सध्या एका गिटारीचं परीक्षण करतायत' असं ऐकवते. आत मोठं ऑपरेशन चाललंय असं वाटावं! पत्राला मधे तोडता येत नाही. तेव्हा चष्मा लाव, खुर्चीत बस आणि शेवटपर्यंत वाच.

बॅटल क्रीकच्या गिटारींच्या प्रदर्शनात विल्माकाकू तुझ्या टेबलाशी आल्या होत्या. आठवतंय का तरी? का रोज शंभर माणसं येतात, त्यांतली एक म्हातारी? हार्मकाकांना जाऊन जेमतेम एक उन्हाळा झालाय. त्यांची ती लालसर डॅनफर्ड गिटार नातीला द्यायची, म्हणून काकूंना तारा बदलायच्या होत्या. मी त्यांच्या शेताच्या कुंपणापलीकडे राहते, दिवसभर लोकांच्या गिटारी दुरुस्त करते, तरी त्या माझ्याकडे आल्या नाहीत. का, तर 'गेरिट वर्षातून एकदा इकडे येतो, तेवढीच भेट होईल.' तुझ्यासाठी बदामाचं सारण भरलेली डच बँकेट भाजून आणली होती त्यांनी. लहानपणी त्यांच्या खिडकीत गार व्हायला ठेवलेली तू चोरून खायचास आणि काकू न पाहिल्यासारखं करायच्या, तीच. गाडी शेजाऱ्याची, रस्ता घसरडा, गुडघे दुखतायत आणि बाई गिटारीची पेटी ओढत तुझ्यापर्यंत आली. विचारलं काय? 'गेरिट, हिला कुठल्या तारा लावू रे?'

एवढंच विचारलं ना? मग तारा सांगायच्या! तू स्क्रूड्रायव्हर काढलास. न विचारता पाठीमागचं झाकण उघडलंस, डोळ्याला भिंग लावलंस, आवाजाच्या बटणाखालच्या पॉटवरचा, त्या आवाज कमीजास्त करणाऱ्या डबीवरचा, तारखेचा आकडा वाचलास आणि टेबलाभोवतीच्या सगळ्या रिकामटेकड्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालास, 'काकू, मानेमागच्या पट्टीवरचा नंबर पंचावन्नचा आहे, पण पोट सहासष्टचं आहे. कुणीतरी तुमच्या मिस्टरांना बनवलं, नाहीतर मिस्टरांनी तुम्हाला!' लोक हसले. हसणाऱ्यांत आपल्या गावचा पीट होता, त्यानंच मला सांगितलं, आणि सांगताना त्याची मान खाली होती. वर तू म्हणालास, 'ज्यानं कुणी हे जुळवलंय तो भामटा नवशिकाच दिसतोय.' मग पेटीवर '१९६६' लिहिलेली पिवळी चिकटपट्टी लावलीस आणि पुढच्या माणसाला हाक मारलीस. तारा कुठल्या लावायच्या ते राहिलंच.

तुला हा रोगच जडलाय गेरिट. कुठलीही गिटार दिसली की तिचं वय काढल्याशिवाय तुला चैन पडत नाही. बाबांच्या अंत्यविधीनंतर चर्चच्या तळघरात सगळे हॅमचे बन खात होते, आणि तू कोपऱ्यातली रविवारच्या शाळेची गिटार घेऊन तिच्या भोकात दाढीचा आरसा घालून बसला होतास. पाद्रीबाबा सांत्वनाला आले तर तू त्यांना ही बासष्टच्या पुढची कशी ते समजावून सांगितलंस. नाझरेथच्या कारखान्यातल्या गिटारींचे नंबर ओळीनं जातात, फुलर्टनचे लोक मानेच्या टोकाला पेन्सिलीनं तारीख लिहितात, कॅलामाझूला एकच नंबर पुन्हा पुन्हा पडलाय, तिथे नंबरावर विसंबू नये, हे सगळं तुला पाठ आहे. मलाही आहे. दोघांनाही एकाच माणसानं शिकवलं. पण त्या माणसानं आणखी एक शिकवलं होतं. गिटार हातात घेण्याआधी ती घेऊन आलेल्याकडे बघायचं. ते तू कुठे सांडलंस कोण जाणे.

आता तुझ्या त्या एका आकड्यानं इथे काय केलंय ते ऐक. गिटार चार दिवस शेजाऱ्याच्या त्याच गाडीच्या डिकीत पडून होती. बाहेर काय थंडी आहे तुला ठाऊक आहे. मीच जाऊन काढली, वार्निशला बारीक तडे गेलेत. काकू म्हणाल्या, 'राहू दे गं तिथेच. माझी नाहीच ती.' नातीला त्यांनी सांगितलं, तुला दुसरी घेऊन देते. थडग्याचा दगड दोघांचा मिळून करायचा होता, मधे लग्नाची तारीख. कोरणाऱ्याला निरोप गेलाय, सध्या थांबा. चर्चला येतात, पण हार्मकाकांच्या बाकावर बसत नाहीत, मागे दाराशी बसतात.

त्यांच्या मनात काय चाललंय ते परवा कळलं. मी सूप घेऊन गेले होते. टेबलावरच्या फडक्याची घडी करता करता म्हणाल्या, 'हेटी, ती गिटार मी घेतली होती त्याला. लग्नाच्या आधी दोन उन्हाळे ब्लूबेरीच्या शेतात वाकून काढले, त्यातून. मग ती गेली कुठे? आणि आयुष्यभर मी धूळ पुसली ती कुणाच्या गिटारीची?' मी काहीतरी बोलायला गेले तर मला हातानं थांबवलं. 'सहासष्टचा हिवाळा मला चांगला आठवतो. दर रविवारी दुपारी मी मुलांना बायबल शिकवायला चर्चमध्ये जायचे आणि हा म्हणायचा, गुरं बघून येतो. परत यायला अंधार व्हायचा. एकदा कपड्यांना कसलातरी गोड वास होता. मी विचारलं नाही. आपला हार्म आहे, काय विचारायचं, असं वाटलं. आता वाटतं, विचारायला हवं होतं.' सत्तर वर्षांची बाई, गेरिट, नवरा मातीत गेल्यावर त्याच्या रविवारच्या दुपारी मोजत बसलीय. तुझ्या भिंगामुळे.

तू म्हणशील, पॉट काय सांगतो तेच मी सांगितलं. अरे, पॉट खराब होतात! खरखर यायला लागली की माणसं बदलून घेतात. मी आजवर किती बदलले असतील त्याला गणती नाही. सहासष्टचा पॉट दिसला म्हणजे पॉट सहासष्टचा आहे, एवढंच ठरतं. टाक्याकडे बघायचं, कथिल दुसऱ्यांदा वितळलंय का ते बघायचं, लाकडाचा रंग बघायचा. तुझ्या दुकानातल्या पोराला सुद्धा तू हेच शिकवतोस. मग काकूंच्या बाबतीत एवढी घाई कसली होती? मागे रांग होती म्हणून?

हे सगळं मी दोन दिवस स्वतःशी बडबडत होते. काम करता करता तुझ्याशी भांडत होते, आणि प्रत्येक भांडणात मीच जिंकत होते. पण आता खरं लिहिते, कारण त्याशिवाय पुढचं लिहिता येणार नाही. तू चुकला नव्हतास. ती गिटार सहासष्टचीच आहे. मला पॉट बघायची गरज नाही. ती बनली तेव्हा मी तिथे होते.

तू तेव्हा सैन्यात, जर्मनीत होतास. त्या वर्षी गवत कापायच्या दिवसांत हार्मकाका जेवायच्या सुट्टीत गंजीपाशी वाजवत बसले होते. आत हाक आली, गिटार गंजीला टेकवून गेले, परत आले आणि ट्रॅक्टर मागे घेतला. संध्याकाळी बटाट्याच्या पोत्यात तुकडे भरून आपल्या वर्कशॉपच्या दारात उभे राहिले. एवढा धिप्पाड माणूस, पण पोतं खाली ठेवेना. बाबांना म्हणाले, 'योहान, तिला काय सांगू? तिनं दिलेली वस्तू मी चाकाखाली घातली.' बाबांनी पोतं उपडं केलं. मान दोन ठिकाणी मोडलेली, धडाचा भुगा. शाबूत काय राहिलं होतं, तर मानेमागची ती नंबराची पट्टी आणि चार स्क्रू. काकूंना सांगितलं, मान वाकलीय, वेळ लागेल.

तीच पट्टी लावून नवी गिटार करायची ठरली. बाबा डॅनफर्डच्या कारखान्यात गिटारींच्या मानाच बसवायचे, त्यामुळे लाकूड मिळालं. पण जुन्यासारखी दिसायला हवी. बटणाजवळ सिगारेटचा डाग होता, तो हवा. पाठीवर पट्ट्याच्या बकलानं उठलेले ओरखडे हवेत. आणि त्यासाठी माणूस हवा, पट्ट्यासकट, बायकोला न कळता. काकू घरी नसायच्या त्या फक्त रविवारी दुपारी. गेरिट, आपल्या घरात रविवारी, सब्बाथ म्हणून, बटाटे सुद्धा सोलत नव्हते. आई शनिवारीच सोलून पाण्यात ठेवायची. तू एकदा रविवारी सायकलची साखळी लावलीस तर बाबा आठवडाभर तुझ्याशी बोलले नव्हते. त्या माणसानं तो सगळा हिवाळा रविवारी दुपारी वर्कशॉपचं दार आतून लावून काम केलं. सकाळी प्रार्थना, दुपारी रंधा. आई वर स्वयंपाकघरात बसून राहायची, फक्त खाली चहाचे तीन कप पाठवायची. हार्मकाका उभं राहून वाजवायचे, मी त्यांच्या पट्ट्याचं बकल धरून जुने ओरखडे आठवून आठवून पाठीवर घासायचे आणि बाबा म्हणायचे, 'जरा डावीकडे, हेटी. त्याचं पोट डावीकडे जास्त आहे.' कपड्यांना गोड वास येत होता तो वार्निशचा.

पंचावन्नचे पॉट तेव्हा कारखान्यातही उरले नव्हते. मीच म्हटलं, आतला आकडा वेगळा पडतोय. बाबा हसले. म्हणाले, 'नवराबायकोच्या गिटारीच्या पोटात कोण डोकावणार आहे?' स्वतःचाच मुलगा डोकावेल, हे त्या बिचाऱ्याला कुठून सुचावं! तेव्हा तू चारचौघांत ज्याला भामटा म्हणालास, नवशिका म्हणालास, ते आपले बाबा. त्यांच्या हाताचं काम तू उलटंसुलटं करून बघितलंस आणि तुला ते ओळखू आलं नाही. मानेचा तो शेवटचा उतार, जो डॅनफर्डमध्ये दुसऱ्या कुणालाच जमायचा नाही, त्यावरून तुझं बोट फिरलं असणार. मला सगळ्यात जास्त संताप आला तो याचा. हा तुझा आणि माझा हिशेब आहे, तो आपण पुढे बघू.

काकूंना खरं सांगून टाकावं, असं मलाही वाटलं होतं. त्यांच्या पायरीपर्यंत गेलेही. पण हार्मकाकांनी उरलेलं सगळं आयुष्य ती गोष्ट पोटात ठेवली, शेवटच्या आजारात सुद्धा बोलले नाहीत. बाबा गेले, आई गेली, त्यांनीही ओठ उघडले नाहीत. ते सगळं मी एका सुपाच्या वाडग्याबरोबर त्यांच्या टेबलावर ओतायचं? तुमची गिटार चाळीस वर्षांपूर्वीच मेली आणि आम्ही सगळ्यांनी मिळून तुम्हाला ते कळू दिलं नाही, असं म्हणायचं? माझ्याच्यानं होणार नाही. तू मला भित्री म्हण हवं तर.

म्हणून मी सांगितलं, 'काकू, गेरिट चुकला. पॉट बाबांनी बदलले, सहासष्टच्या हिवाळ्यात. हार्मकाका रविवारी आमच्याकडेच असायचे, बाबांना सब्बाथ मोडल्याचं गावात कळू द्यायचं नव्हतं म्हणून गुपचूप.' अर्ध्याहून जास्त खरंच होतं ते. काकूंनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, 'हेटी, तू माझं मन राखायला काहीही सांगशील. गेरिटचं तसं नाही. त्याला जन्मात कुणाचं मन राखता आलं नाही. तो म्हणाला तरच मी मानेन.' शनिवारी ग्रँड रॅपिड्सला तुझं टेबल आहे. मी त्यांना गिटारीसकट घेऊन येतेय, हे पत्र त्याआधी तुला मिळावं म्हणून लिहिलं. तुझ्याभोवती तीच माणसं असतील, तुझ्या नावाला बट्टा लागेल, तुझ्यावर विश्वास ठेवणारे दोघेतिघे कुजबुजतील, हे सगळं मला कळतं. तरी झाकण उघड, भिंग लाव, हवा तेवढा वेळ घे, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हण, 'काकू, मी चुकलो.' बाबांशी भांडून गेलास तेव्हा, तुझी बायको जोलीन घर सोडून गेली तेव्हा, तू खरोखर चुकला होतास आणि हे दोन शब्द तुझ्या तोंडून निघाले नाहीत. या वेळी चुकला नाहीयेस, तर निदान एकदा म्हण.

तुझीच, अजूनही रागावलेली,
हेटी