हिरव्या दोरीची डॅटसन

ता. ९ फेब्रुवारी

चि. बारकीस, ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं आणि माझा दिवस नासला. एका आठवड्यात चार जुन्या जपानी गाड्या, त्याही रोजच्या रस्त्यावर, म्हणजे काय? मडगार्डवर आरसे असलेली निस्सान ब्लूबर्ड, मागच्या काचेत चपला वाळत घातलेली माझदा, एक दार निळं आणि बाकी लाल अशी होंडा सिव्हिक, आणि वर बाजारासमोर उभी टोयोटा क्राऊन. तू लोकांच्या घरी जाऊन तपासणीसाठी रक्त काढतेस, की गाड्या बघत हिंडायचा पगार घेतेस? मी गमतीने विचारत नाहीये. मला खरंच पोटात दुखतंय.

मी इथे सकाळी नऊपासून लाँड्रीच्या काउंटरमागे इस्त्री धरून उभी. समोर काच, काचेपलीकडे सिग्नल, आणि सिग्नलला थांबतात त्या सगळ्या एका साच्यातल्या पांढऱ्या गाड्या. तुमच्या चढाच्या गावात माणसं गाडी मोडेपर्यंत वापरतात, इथे जरा रंग उडाला की विकून मोकळी होतात. त्यात दिसलेल्या गाड्या मांडायची नानांची वहीही तुझ्याच कपाटात. नाना शेवटची दोन वर्षं धाकट्या लेकीकडे, तुझ्याकडे होते म्हणून ती तिथे राहिली, हे मला कळतं. पण कळलं म्हणून खुपायचं थांबत नाही.

असो. आता मुख्य बातमी. काल दुपारी चारला आमच्या सिग्नलला नानांची डॅटसन थांबली होती. होय, तीच. डॅटसन बाराशे, पिवळी, दोन दारांची, उतरत्या पाठीची. नानांनी औषधांच्या व्हॅनमध्ये स्टिअरिंगशेजारी कॅलेंडरचं पान चिकटवलं होतं, हुबेहूब त्यातल्यासारखी. चालू गाडी, रस्त्यावरची, प्रदर्शनातली नव्हे. आणि खूण हवी ना, तर मागचा बंपर डाव्या अंगाला हिरव्या दोरीने बांधलेला. आपले तिन्ही नियम पुरे झाले. ती गाडी जिला आधी दिसेल तिची वही, हा नानांचा शब्द होता. तेव्हा वही नीट बांधून रजिस्टर टपालाने पाठव.

माया आहेच. वही आली की जरा वाढवीन म्हणते.

तुझी,
ताई

ता. १७ फेब्रुवारी

ती. ताईस, बारकीचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र दारातच उघडलं आणि तिथेच उभी राहिले. त्या सकाळी एका आजींना मला दोनदा सुई टोचावी लागली. त्यांनी विचारलं, घरी काही वाईट झालं का. मी हो म्हणाले.

चाळीस वर्षं मी त्या पिवळ्या गाडीची वाट बघतेय. हे गाव मी नोकरीसाठी निवडलं असं सगळ्यांना सांगते, पण मुलाखतीला आले तेव्हा दवाखान्यासमोर एकाच रांगेत तीन जुन्या गाड्या उभ्या होत्या म्हणून मी हो म्हटलं, हे तुला माहीत आहे. रोज आठ-दहा घरं, चढ-उतार, पायांचे तुकडे पडतात. आणि ती येते कुठे, तर तुझ्या काचेसमोर. तू इस्त्री करत उभी असताना. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झालाय.

आणि नियम तीन नव्हते, चार होते. व्हॅनमध्ये नाना चालवायचे, मधे मी, खिडकीशी तू. गाडी दिसली की शेजारचीला कोपर मारायचं, कोपर बसलं तरच दिसली असं धरायचं. माझ्या डाव्या बरगडीला विचार. लांब राहायला लागल्यावर पत्र म्हणजेच कोपर असं आपण ठरवलं, म्हणून तुझी नोंद मला नाकारता येत नाही. पण इतक्या मोठ्या गाडीला मला कागदी कोपर चालणार नाही. मी रजा टाकून येते, तुझ्या सिग्नलला उभी राहते, डोळ्यांनी बघते. मग वही तुझ्या हातात ठेवते.

भावोजींना नमस्कार. तुझ्यावरचा लोभ सध्या जरा बाजूला ठेवला आहे, आल्यावर बघू.

तुझी,
बारकी

ता. २२ फेब्रुवारी

चि. बारकीस, अनेक आशीर्वाद.

येऊ नकोस. घरात रंगकाम काढलंय, खाटा बाहेर आल्यात, पाय ठेवायला जागा नाही. ह्यांची कंबरही धरली आहे. शिवाय ती गाडी रोज थोडीच येते? एखाद्या पाहुण्याची असेल, निघून गेली असेल. रजा वाया घालवू नकोस, थंडीवाऱ्यात प्रवास करू नकोस. वही टपालाने आली तरी मला चालेल.

लहान बहिणीने एवढं ऐकावं, मग मोठीकडून हवं ते मागावं.

तुझी,
ताई

ता. ५ मार्च

ती. ताईस, सा. न.

तुझं ऐकलं नाही. गुरुवारी मी येऊन गेले. लाँड्रीसमोरच्या बसथांब्यावर दुपारी बारापासून उभी होते. साडेचारला डॅटसन आली. पिवळी, दोन दारांची, डाव्या अंगाला हिरवी दोरी, सगळं तू लिहिलंस तसंच. तू तेव्हा आत कपडे मोजत होतीस. परतीची बस होती म्हणून दुकानात आले नाही.

वही आजच रजिस्टर केली आहे. तू जिंकलीस. सांभाळून ठेव, पहिल्या काही पानांवर नानांचं अक्षर आहे, ती पानं सुटत आली आहेत.

भावोजींच्या कमरेला आराम पडला असेल. लोभ आहे तेवढा आहे.

बारकी

ता. ११ मार्च

चि. बारकीस, ताईचे आशीर्वाद, घ्यावेसे वाटले तर.

वही आली. तुझं पत्र तिच्या आधी आलं होतं, आणि तेव्हापासून मी काचेला नाक लावून उभी आहे. सिग्नल लाल झाला की मान वर. एका वकिलाच्या शर्टाच्या पाठीवर इस्त्रीचा अख्खा ठसा उमटला. मालकीण म्हणाली की माझं लक्ष कुठे असतं हे तिला कळेनासं झालंय. तिला काय सांगू, की मी एका गाडीवर जळतेय जी मीच बनवली.

हो, बारके. थाप मारली. आठ तारखेला सिग्नलला पिवळं काहीसुद्धा आलं नव्हतं. तुझ्या त्या चार गाड्या वाचल्या, वही तुझ्याकडे, नाना तुझ्याकडे, रस्ते तुझ्याकडे, असं मनात येत गेलं आणि हात आपोआप लिहीत गेला. दोरी शेवटी सुचली, खूण हवी म्हणून. तू येते असं लिहिलंस तेव्हा जीव टांगणीला लागला. रंगकाम काही नव्हतं, कंबरही धडधाकट आहे.

लाज वाटायला हवी होती, ती वाटतेही. पण तुझं पत्र वाचून पहिल्यांदा लाज वाटली नाही, पहिल्यांदा वाटलं की हिला दिसली. मी रचलेली गाडी, माझ्या दुकानासमोर, आणि मला सोडून हिला दिसली. इतकं कधी कुणावर जळले नव्हते. खरं सांग, ती खरंच आली होती का? कशी होती? आवाज कसा होता? वही परत पाठवते, पण आधी हे कळव.

लोभ मागायला तोंड नाही, तरी मागते.

तुझी,
ताई

ता. १६ मार्च

ती. ताईस, बारकीचा साष्टांग नमस्कार.

नाही आली. काहीच आलं नाही. म्हणजे पिवळं काही आलं नाही.

तुझी थाप मला बस निम्म्या वाटेवर आली तेव्हा कळली. हिरवी दोरी. व्हॅनचं मागचं दार बंद राहायचं नाही म्हणून नानांनी वाळत घालायच्या दोरीने बांधलं होतं, तीच. तुला दुसरी दोरी सुचलीच नाही. मग ठरवलं की तुला तोंडावर पकडायचं, मालकिणीसमोर, आणि तिथून सरळ परत फिरायचं. या विचाराने पुढचा प्रवास फार छान झाला.

थांबा रस्त्याच्या मधोमध, दुभाजकावर; तिथल्या गर्दीत दुकानाकडे तोंड करून उभी राहिले. काचेआड तू दिसलीस. केस बरेच पांढरे झालेत, पत्रात कधी म्हणाली नाहीस. एक वाजता भावोजी डबा घेऊन आले आणि काउंटरच्या आत तुझ्या शेजारी उभे राहिले. तेवढ्यात माझ्यामागे, पलीकडच्या बाजूला सिग्नलला काहीतरी येऊन थांबलं. तू मान वर केलीस, आणि भावोजींकडे न बघताच त्यांना कोपर मारलंस. पार बरगडीत. डबा पडता पडता राहिला. ते हसले, आणि माझ्या डोक्यावरून रस्त्याकडे बघायला लागले. ज्या माणसाला ट्रक आणि टॅक्सी वेगळी ओळखता येत नाही, त्याला तू कोपर मारलंस.

ताई, डॅटसनवर जळले तेव्हा निदान भांडावंसं वाटत होतं. हे बघितलं आणि रस्ता ओलांडून यायचं बळच राहिलं नाही. त्या कोपरावर माझा हक्क होता. मला इथे रोज गाड्या दिसतात, हे खरं. आणि दर वेळी माझं कोपर जातं आणि नमुन्यांच्या बाटल्यांच्या बॅगेवर आपटतं. दोनदा बाटल्या फुटल्या. तुला पत्र लिहीपर्यंत चार दिवस जातात, तोवर ती गाडी कुठे आणि मी कुठे. तू माझ्या चार गाड्यांवर जळत होतीस, आणि त्या चारही मी एकटीने बघितल्या होत्या. म्हणून रागाने मीही थाप मारली, आणि वही पाठवली. जिला शेजारी माणूस आहे तिच्याकडेच वही असावी, असं काहीतरी मनात होतं.

वही परत पाठवू नकोस. डॅटसन आठ तारखेलाच मांडून टाक, तुझ्या नावाने. खूण लिहू नकोस, नानांना कळेल. मी पुढच्या महिन्यात आठ दिवसांची रजा घेते. मला काउंटरच्या आत, तुझ्या उजव्या हाताला उभं करायचं. भावोजींनी डबा बाहेरून द्यावा.

माझा लोभ जागेवर आहे, तुझाही तिथेच ठेव.

तुझी,
बारकी

ता. क. मी मागे वळून बघितलंच नाही, त्या दोघांकडेच बघत राहिले. कोणती होती गं ती?