समोरासमोरचे माग

३ मार्च
गिरणीचं फाटक उघडलं. बावीस वर्षांनी! पत्रे काढले, भिंती धुतल्या. आत आता चित्रकार बसणार म्हणे, प्रत्येकाला एकेक खोली. मुलाला फोनवर सांगितलं तर म्हणाला, बरं झालं आई, तुला सोबत होईल. सोबत! मला कोण विचारतंय तिथे?

९ मार्च
कोपऱ्यावर पावाचं दुकान लागलं. जिथे काळं कुत्रं फिरकत नव्हतं तिथे बाकावर माणसं बसलीत. बसही परत थांबायला लागली. छान वाटलं, खोटं कशाला लिहू? पण दुकानात सगळे एकमेकांच्या ओळखीचे, चाळीस वर्षं इथे राहून मीच परकी. पाव घेऊन मुकाट घरी आले.

१४ मार्च
एक चित्रकार मुलगी पत्ता विचारत आली. केस असे पिंजारलेले — मनातल्या मनात नाव ठेवलं, झिपरी. मागांचं खातं तिला मिळालंय. कुठला माग कुठे होता, ते तिला जमिनीवर आखून हवंय. तुम्ही होतात ना तिथे, म्हणाली. होते म्हणजे! अठरा वर्षं.

खडू घेऊन दुपारभर रांगत होते. गुडघे कामातून गेले. चौसष्ट चौकोन. सतरावा माझा, त्याच्या समोरचा धाकट्या जावेचा. तो आखताना हात अडला.

एवढ्या खडखडाटात तुम्ही बोलायचात कशा, झिपरीनं विचारलं. ओठांनी, म्हटलं. आवाज काढायचाच नाही, तोंड मोठं करून शब्द नुसता दाखवायचा. डब्यातल्या भाजीपासून सासूच्या कागाळ्यांपर्यंत सगळं! घरी सासूच्या पाठीमागेही आमचं तसंच चालायचं. झिपरी खूप हसली. मीही हसले. घरी येऊन रडले.

१५ मार्च
का रडले, ते लिहूनच टाकते. संपात जाऊ फाटकावर बसली होती आणि मी आत जाऊन राजीनाम्यावर सही केली. ह्यांचं आजारपण होतं, हिशेबाचे पैसे लगेच हवे होते. तिला तोंडानं सांगायचा धीर झाला नाही. तिनं बोलणं टाकलं. चूक माझीच.

पण नंतर मी गेले होते की! अकरा वर्षांपूर्वी हे गेले तेव्हा ती आली, मागे उभी राहिली. निघाली तेव्हा मी म्हटलं, थांब गं. वळलीसुद्धा नाही. महिन्यानं तिच्या दारात गेले. आत दिवा होता, भांडी वाजत होती. कडी वाजवून हात दुखला. उघडलं नाही. मग मीही ठरवलं, पुन्हा त्या दारात पाय ठेवायचा नाही.

चार घरं सोडून राहते. एकटीच, माझ्यासारखी.

२२ मार्च
मुलाचा फोन. त्याला ओरडावं लागतं हल्ली. माझा डावा कान मागांनी कधीच खाल्लाय. दोन मिनिटांत ठेवला.

२८ मार्च
उद्या उद्घाटन. झिपरीनं गल्लीत घरोघर चिठ्ठ्या टाकल्यात. म्हणजे तिच्याकडेही. चारचौघांत तिनं तोंड फिरवलं तर? न गेलेलं बरं.

२९ मार्च
गेले. गर्दी, गाणी, कुणाचं कुणाला ऐकू जाईना. झिपरीनं माझे चौकोन पांढऱ्या रंगानं पक्के केलेत. लोक त्यांच्यावरून हिंडत होते. मी सतराव्यात जाऊन उभी राहिले. पायांनीच नेलं.

समोर पाहिलं — ती आपल्या चौकोनात. इतक्या वर्षांत नीट पाहिलंच नव्हतं, केवढी म्हातारी झालीय! मी निघणार, तेवढ्यात तिचे ओठ हलले. मोठे, सावकाश, खात्यातल्यासारखे.

"ताई, एक हाकही मारली नाहीत?"

डोकंच फिरलं माझं. तसंच दाखवलं तिला — मारली. दारही वाजवलं. तूच आली नाहीस.

तिनं दोन्ही कानांवर हात ठेवले आणि मान हलवली.

"पंधरा वर्षं झाली. काहीच ऐकू येत नाही."

३० मार्च
सकाळी तिच्याकडे गेले. कडी वाजवली नाही. ती वर बघेपर्यंत खिडकीसमोर उभी राहिले.